मदत हवी आहे: टेट्रासायक्लिनला निम्मे ई. कोलाय ‘मध्यम’ कसे?

चिवटजंतू
मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या शेणातले ई. कोलाय जंतू, डिस्क पद्धत (प्रतिजैविकाची चकती अगरवर ठेवून तिच्याभोवती जंतू न वाढलेली जागा, म्हणजे झोन, मोजायची). टेट्रासायक्लिनचे झोन निम्म्या नमुन्यांत १२ ते १४ मिमी, म्हणजे ‘मध्यम’ (ना संवेदनशील, ना प्रतिरोधक). अहवाल शुक्रवारी द्यायचाय. लवकर सांगा.

अगरअगर
कंट्रोल स्ट्रेनचे (ज्याचा झोन किती यावा ते ठरलेलं असतं त्या जंतूचे) आकडे कुठेत? अगरची जाडी? ४ मिमीपेक्षा जाड ओतलं की झोन आकसतात. दहापैकी नऊ वेळा हेच असतं.

पिपेटराव
झोन मोजत कशाला बसता? टेट-ए आणि टेट-बी या प्रतिरोधाच्या जनुकांचा पीसीआर (जनुक शोधायची चाचणी) लावा, मोकळे व्हा.

मॅकफर्लंड
पिपेटराव, या दोन जनुकांखेरीज इतरही टेट जनुकं आहेत, ती सुटतील. आणि झोन का हलला ते पीसीआर सांगणार नाही.
चिवटजंतू, तुमचा संशय रास्त आहे. ही जनुकं असलेल्यांत झोन बहुधा डिस्कला चिकटूनच असतो (डिस्क स्वतःच ६ मिमी), आणि संवेदनशील जंतू १८च्या आसपास किंवा वर. मधेच गर्दी झाली की आधी पद्धत तपासायची. एटीसीसी २५९२२चे (ई. कोलायचा कंट्रोल स्ट्रेन) आकडे टाका.

चिवटजंतू
टेट्रा १५, जेन्टामायसिन २२, सिप्रो ३३. म्युलर-हिंटन अगर, ३५ अंश, १८ तास. जाडी मोजलेली नाही.

अगरअगर
मग मोजा की!

मॅकफर्लंड
जाडीने तिन्ही झोन आकसले असते. जेन्टा १९–२६ आणि सिप्रो २९–३८ या कंट्रोलच्या मर्यादांत नीट बसतात. फक्त टेट्रा १८–२५च्या खाली गेलाय. सामू चढला असता तर टेट्रा आकसून जेन्टा फुगला असता. उरल्या दोन शक्यता: अगरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त (टेट्रासायक्लिन त्यांना बांधलं जातं), नाहीतर डिस्क मेलेल्या (त्यांतलं औषध निकामी झालेलं). डिस्कची कुपी फ्रीजमधून काढून लगेच उघडता का? थंड कुपीत बाष्प धरतं. तासभर बाहेर ठेवून मगच उघडायची.
जुनी नि नवी डिस्क, जुन्या नि नव्या लॉटच्या अगरवर, अशा चार जोड्या २५९२२वर लावा.

गोठेवाला
ओ१५७ (शिगा विष सोडणारा, माणसाला घातक ई. कोलाय) निघाला असेल तर रुग्णाला प्रतिजैविक देऊ नका. शिगा विष जास्त सुटून मूत्रपिंडं जाण्याचा धोका वाढतो.

चिवटजंतू
रुग्ण कुठून आला मध्येच?

शेणशास्त्री
अवांतर: नमुन्यागणिक एकच वसाहत उचलता का? साध्या मॅकॉन्की अगरवर संवेदनशील जंतूंच्या गर्दीत सेफोटॅक्झिमला (आणखी एक प्रतिजैविक) प्रतिरोधक थोडे असले तर हुकतात. लिटरला १ मिग्रॅ सेफोटॅक्झिम घातलेली प्लेट सोबत लावा. फक्त त्या प्लेटवरून प्रमाणाची टक्केवारी काढू नका, ती निवडलेली असते.

चिवटजंतू
चार जोड्या झाल्या. जुनी डिस्क: जुन्या अगरवर १५, नव्यावर १५. नवी डिस्क: २१ आणि २२. म्हणजे डिस्कच. आता जुन्या झोनमध्ये ६ मिमी मिळवून अहवाल दिला तर?

मॅकफर्लंड
अजिबात नाही. पार प्रतिरोधक जंतूचा झोन ६ मिमीच राहतो, त्यात ६ मिळवून तो ‘मध्यम’ होईल. कंट्रोलचा टेट्रा शेवटचा मर्यादेत आला त्या तारखेनंतरचे सगळे टेट्रा नव्या डिस्कने परत लावा. जेन्टा-सिप्रो तसेच ठेवा.

अगरअगर
जाडी तरी मोजा.