आईबाबा युरोपला चाललेत, नेटचं काय करू? रोमिंग पॅक, ईसिम का तिथलं सिम?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. आईबाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच परदेशात चाललेत. टूर कंपनीबरोबर १२ दिवस युरोप, पॅरिस मग स्वित्झर्लंड मग इटली, आणि येताना दुबईत मावशीकडे ४ दिवस. बाबा एसटीतून रिटायर झालेत, आत्तापर्यंतचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशी. टूरवाला म्हणतो हॉटेलला वायफाय आहे की, कशाला खर्च करता. नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला डोळे झाकून रोमिंग पॅक मारा (म्हणजे आपलंच सिम तिकडं चालवायचा पॅक), आणि ऑफिसातला एकजण ईसिम ईसिम (कार्ड न घालता फोनमधेच उतरवायचं सिम) करून डोकं खातोय. दोघांचे १६ दिवसांचे रोमिंग पॅक धरले तर आकडा बघून बाबा म्हणले "त्यापेक्षा आम्ही बोलतच नाही, आल्यावर सांगतो सगळं". बाबांकडे रेडमी आहे, आईकडे माझा जुना आयफोन ११. रोज थोडे फोटो, एक व्हिडिओ कॉल आणि चुकले तर मॅप, एवढंच पाहिजे. आणि बाबांचं पेन्शनचं खातं ह्याच नंबरला जोडलंय, तिकडं असताना ओटीपीचं काय होतं?

टॉवेलवाला_एमआयडीसी:
दादा, मी दरवर्षी जानेवारीत फ्रँकफर्टला हाईमटेक्स्टिल नावाच्या कापडाच्या प्रदर्शनाला जातो, टॉवेलच्या ऑर्डरी तिथंच मिळतात, आणि नेमका त्याच आठवड्याच्या आसपास आपला गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, असतो. त्यामुळं माझा नेटचा खर्च धंद्यापेक्षा सिद्धेश्वराच्या यात्रेपायीच जास्त होतो. संमती कट्ट्यावर अक्षता पडताना घरचे व्हिडिओ कॉल लावतात आणि मी स्टॉलवर गिऱ्हाईकाला "वन मिनिट" म्हणून हात जोडून उभा.

तर पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं तिथंच सिम घेऊ, स्वस्त पडेल. पोचलो रविवारी. जर्मनीत रविवारी दुकानंच बंद असतात ओ, सुपरमार्केट पण बंद. एअरपोर्टवर मिळत होतं पण दर बघून गप्प बसलो. सोमवारी घ्यायला गेलो तर पासपोर्ट, तिथला पत्ता, ओळख पटवणं, कारण जर्मनीत १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमला ओळख पटवल्याशिवाय चालू करतच नाहीत. अर्धा दिवस त्यातच गेला. टूरवाल्याच्या बसमधून उतरून तुमचे आईबाबा हे करणार का? सोडून द्या.

आता महत्त्वाचं. युरोपियन युनियनमधे १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग न लावता चालतं, म्हणजे फ्रान्सचं सिम इटलीत चालेल. पण स्वित्झर्लंड युनियनमधे नाही! आणि आपल्या लोकांच्या टूरमधे बर्फ बघायला स्वित्झर्लंड असतंच. एकदा मी स्वित्झर्लंडच्या बाझलच्या अलीकडं एका गिऱ्हाईकाकडं गेलो होतो, होतो जर्मनीतच, पण फोननं पलीकडचं स्विस नेटवर्क धरलं आणि नेट गप्पकन बंद, बराच वेळ मला कळेच ना काय झालं. म्हणून काहीही घ्या, देशांच्या यादीत स्वित्झर्लंड स्वतः डोळ्यानं वाचा. "युरोप" लिहिलंय म्हणजे आलंच असेल असं धरू नका.

मी आता ईसिमच घेतो. ८ दिवसांना ५ जीबी घेतलं होतं, साडेतीन पण संपलं नाही.

नवीपेठ_मोबाईल:
रोमिंग पॅक सांगणारा मी नाही बरंका, पण त्या दुकानदाराचं पण चूक नाही. वयस्कर माणसाला काहीच करावं लागत नाही, उतरले की चालू, त्याचेच पैसे घेतात. बाकी ईसिमचं आधी फोन बघा. डायल पॅडवर *#०६# दाबा, आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोनमधे ईसिम आहे, नाही दिसला तर विषय संपला. आयफोन ११ ला आहे. रेडमीचं मॉडेलवर आहे, बऱ्याच फोनना नसतंच.

दुसरं म्हणजे यूट्यूबवर बघून कुठल्याही ॲपवरून घेऊ नका. जानेवारी २०२४ मधे सरकारनं एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढायला लावली होती, बाहेरचं सिम विकायला जे ना हरकत प्रमाणपत्र लागतं ते नव्हतं म्हणून. परवानगी असलेल्या भारतीय कंपन्या पण ईसिम देतात, थोडं महाग पडेल पण अडचण आली तर हिंदीत बोलायला माणूस तरी मिळतो.

घेतलं की घरच्या वायफायवर बसूनच टाकून घ्या, तिकडं जाऊन क्यूआर स्कॅन करत बसू नका, स्कॅन करायलाच नेट लागतं ना. आणि आईंना बजावून सांगा की "हे काय नवीन आलंय" म्हणून डिलीट करायचं नाही, तोच क्यूआर दुसऱ्यांदा बहुतेक चालत नाही. मुदत कधीपासून मोजतात तेवढं विचारा, काहींची टाकल्या दिवसापासून सुरू होते.

कडकभाकरी:
ओटीपीचं कुणी सांगितलंच नाही म्हणून लिहितेय. भारतातलं सिम फोनमधून काढायचंच नाही. निघायच्या आधी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि डेटा रोमिंग मात्र बंद. हे दोन वेगळे आहेत, आमच्याकडं ह्यातच घोळ झाला होता. रोमिंग चालू असलं की ओटीपीचा मेसेज येतो, आलेल्या एसएमएसचे सहसा पैसे पडत नाहीत. रिचार्ज १६ दिवस पुरेल असा आधीच मारून ठेवा. व्हॉट्सअप आहे त्याच नंबरवर राहतं, नेट दुसऱ्या सिमचं असलं तरी. "नंबर बदलायचा का" विचारलं तर नाही म्हणायला सांगा.

आता माझी रडकथा. मिस्टरांबरोबर थायलंडला गेले होते, पोस्टपेड होतं, कंपनीचं नाव घेत नाही. डेटा बंदच ठेवला होता, शहाणपणा केला म्हणून खूश होते. पण बाहेर असताना आलेला साधा कॉल उचलला तरी मिनिटाला पैसे लागतात हे डोक्यातच नव्हतं. जाऊबाई, नणंद, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांचं आपलं "पोचलात का, जेवलात का, ऊन किती आहे". आणि एक गॅसवाला, त्याला मी पाच मिनिटं पत्ता सांगत बसले. बिल बघून मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत. तर सगळ्या नातेवाईकांना आधीच सांगून टाका, फक्त व्हॉट्सअप कॉल, साधा फोन आला तर उचलणार नाही. नुसती रिंग वाजून गेली तर पैसे नाही पडत.

देरादुबई_मूळसोलापूर:
दुबईत १० वर्षं झाली, मूळ अक्कलकोट रोडचा. भाऊ, इथं व्हॉट्सअपवर मेसेज, फोटो जातात पण कॉल लागत नाही, मावशींच्या वायफायवर पण नाही. दरवेळी गावाकडनं येणारा माणूस म्हणतो तुझं नेट खराब आहे. नेट खराब नाही बे, इथं ॲपवरचे कॉल बंदच केलेत, ठराविक ॲपना परवानगी आहे. त्यातलं बोटिम आम्ही वापरतो. ते आईबाबांच्या आणि तुझ्या फोनवर सोलापुरातच टाकून ठेव, नंबरवर ओटीपी येतो त्यात.

भारतातल्या सिमचा रोमिंग पॅक असला तर व्हॉट्सअप कॉल बऱ्याचदा लागतो, कारण रोमिंगचं नेट फिरून भारतातल्या कंपनीच्या नेटवर्कमधूनच बाहेर पडतं. आणि कुणीतरी सांगेल व्हीपीएन टाक, म्हणजे नेट दुसऱ्या देशातून फिरवणारं ॲप. नको. बंद केलेली गोष्ट चालवायला व्हीपीएन वापरलं तर दंड ५ लाख ते २० लाख दिऱ्हम लिहिलाय कायद्यात. सगळ्यांना धरतात असं नाही, पण ४ दिवसांच्या पाहुण्यानं कशाला?

४ दिवसांसाठी वेगळं काही घेऊ नको, मावशींचं वायफाय आहे, बाहेर मॉलमधे पण मिळतं.

जुळेसोलापूरकर:
मंडळी लय उपकार झाले. काल रात्री *#०६# करून बघितलं, बाबांच्या रेडमीला ईआयडी नाही, आईच्या आयफोनला आहे. म्हणजे ठरलं, युरोपचं एकच ईसिम आईच्या फोनमधे, स्वित्झर्लंडचं नाव यादीत बघून, आणि बाबांनी हॉटस्पॉट घ्यायचा. बाबांचं सिम ओटीपीपुरतं, डेटा रोमिंग बंद. दुबईला बोटिम आणि मावशीचं वायफाय. दोन पॅकच्या हिशोबाच्या निम्म्याच्या आतच बसतंय.

फक्त बाबा फुगलेत. म्हणे "म्हणजे आता मेसेज बघायला पण हिच्या मागं मागं फिरायचं का". आई काही बोलली नाही, पण लगेच मला विचारलं की हॉटस्पॉट बंद कुठून करायचा.

टॉवेलवाला_एमआयडीसी:
मॅप आधीच ऑफलाइन उतरवून द्या म्हणजे बाबांचं निम्मं काम नेटशिवाय होईल. आणि दोघांच्या फोनवर फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, नाहीतर बर्फातल्या एका दिवसात सगळं ईसिम चाटून पुसून साफ.

नवीपेठ_मोबाईल:
हॉटस्पॉटनं बॅटरी लवकर उतरते, त्यात तुमचा आयफोन जुना. पॉवर बँक द्या सोबत, पण हँडबॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.