मदत हवी आहे: आईसाठी मराठीतले तेहिलिम (ज्यू धर्मग्रंथातली स्तोत्रं)

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. बाबा गेल्यापासून आई फार खचली आहे. शब्बाथचा (आठवड्याच्या पवित्र दिवसाचा) दिवा लावते, शेमा ही प्रार्थना म्हणते, पण हिब्रूचा अर्थ तिला नीट लागत नाही आणि धीर हवा असतो तो मराठीतच. डोंगरांकडे डोळे लावून ‘मदत कुठून येईल?’ असं विचारणारं १२१वं स्तोत्र तिच्या विशेष आवडीचं. तेहिलिमचा सोपा मराठी अनुवाद किंवा जुन्या कीर्तनांतली एलियाहू हन्नाबीची (संदेष्टा एलियाची) पदं कुणाकडे आहेत का? अलिबाग-पेणकडच्या घरांत वह्या असतील. अक्षर मोठं हवं. रेकॉर्डिंग असेल तर उत्तमच. लवकरच मलिदा (पोहे-नारळाच्या नैवेद्याचा आमचा विधी) करायचाय, तेव्हा घरच्यांना म्हणता येतील. (पोहे-नारळाचं प्रमाण मात्र कुणी सांगू नका, आई ऐकणार नाही!)