इंटससेप्शन: सलाइन की हवा, आणि कुठे?

अवलिया
सहा-सात महिन्यांचं बाळ मध्येच कळवळून पाय पोटाशी घेतं, उलट्या करतं, सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ दिसतं: आतड्यात आतडं शिरलंय, हेच इंटससेप्शन. रक्तमिश्रित, जेलीसारख्या शीची वाट बघू नये, ती उशिराची खूण. पोट कडक नसेल, आतडं फुटलेलं नसेल, तर आधी एनिमाच, म्हणजे गुदद्वारातून सलाइन किंवा हवा दाबाने सोडून शिरलेलं आतडं मागे ढकलायचं. माझं मत, जिल्ह्याच्या गावी हवेपेक्षा कोमट सलाइन बरं. पिशवी १००-१२० सेंमी उंच, फोली कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी), नितंब चिकटपट्टीने गच्च आवळलेले. सोनोग्राफीत बघत करायचं, म्हणून क्ष-किरण नाहीत, दाब उंचीनेच बांधलेला. पाणी मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेतून लहान आतड्यात शिरताना दिसलं की झालं.

खडूस
बांधलेला कसला? बाळ कुंथलं की आतला दाब वाढतोच. शिवाय १२० सेंमी पाणी म्हणजे जेमतेम ८८ मिमी पारा. हवा ८० वर सुरू करून १२० पर्यंत नेता येते, म्हणून घट्ट बसलेलंही सुटतं, आणि लवकर सुटतं. सलाइनचे काही प्रयत्न पट्टी सैल पडून गळतीतच वाया जातात.

अवलिया
गळती हा हातांचा दोष, पद्धतीचा नाही. हवेने आतडं फुटलं तर पोट क्षणात ताणतं, छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जातो, श्वास अडतो. ती हवा पोटातून काढायला १८ गेजची सुई हाताशी नसेल तर हवा सोडूच नये. सलाइनने आतडं फुटलं तर थोडा वेळ तरी मिळतो.

तात्याबा
नळीवरून भांडताय, पण नळीच्या आधीचं? शिरेतून २० मिली/किलो सलाइन, नाकातून नळी, आणि ऑपरेशन थिएटर तयार. बालशल्यचिकित्सक नसेल तिथे हात लावूच नये, पुढे पाठवा.

अवलिया
पाठवा म्हणणं सोपं. रस्त्यात तास जातात, सूज वाढते, मग एनिमानेही सुटत नाही. सर्जन फोनवर, गाडी दारात, एवढ्यावर एक प्रयत्न व्हावा.

तात्याबा
आतडं फुटलं की फोनवरचा सर्जन पोट उघडायला येत नाही. ते क्वचित घडतं म्हणून तयारी सोडता येत नाही. आणि 'एक प्रयत्न' म्हणत लोक दहा करतात. तीन मिनिटांचे तीन, बस्स.

खडूस
इथे तात्याबांशी अर्धाच सहमत. शिरलेल्या आतड्याची गाठ थोडी तरी सरकत असेल, बाळ स्थिर असेल, तर अर्ध्या तासाने पुन्हा करायला हरकत नाही. जागची हलत नसेल तर मात्र थांबा. आणि सुटलं म्हणून लगेच घरी सोडू नका; दहातल्या साधारण एकाला पुन्हा होतं, काहींना पहिल्या ४८ तासांतच. तेव्हाही पहिला उपाय एनिमाच.