प्रतिसाद: रॅपला पुलित्झर

२०१८ साली अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारला 'डॅम' या अल्बमसाठी पुलित्झर (अमेरिकेतला मानाचा पुरस्कार) दिलं ते निव्वळ अल्बमच्या खपाकडे बघून, असं वर कुणीतरी म्हटलंय, ते काही पटत नाही. 'डॅम' शेवटपर्यंत ऐकलाय का? शेवटच्या गाण्यात गोळी सुटते, सगळं भराभर उलटं फिरतं आणि अल्बमच्या सुरुवातीचं वाक्य पुन्हा कानावर पडतं. पुढे त्याने हीच गाणी उलट क्रमाने लावून वेगळी आवृत्तीही काढली. खपासाठी एवढा उपद्व्याप कोण करतं!

बाकी पुलित्झरवाल्यांनी याआधी काय दिवे लावलेत तेही बघा. १९६५ मध्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला विशेष सन्मान द्यावा असं परीक्षकांनी सुचवलं, पुलित्झर मंडळाने साफ नाकारलं. तीनपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. सन्मान मिळाला १९९९ मध्ये, एलिंग्टन जाऊन २५ वर्षं झाल्यावर.