बंबाच्या जुन्या धुराड्यालाच पेलेटचा बंब जोडला तर चालेल का?

नऱ्हेकाकू
नऱ्ह्यात घरामागे आमचं मुलींचं वसतिगृह आहे, चौदा जणी. पहाटे साडेपाचपासून अंघोळीला कढत पाणी लागतं. सासऱ्यांच्या वेळचा लाकडावरचा बंब इतकी वर्षं इमानेइतबारे चालला, पण वखारीतून लाकूड ओलं येतं, फुंकणी घेऊन बसायला आता माझे गुडघे तयार नाहीत आणि शेजारच्या सोसायटीला आमचा धूर नको. म्हणून पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांवर, चालणारा बंब घेतलाय. वर पेलेटची टाकी, ते पुढे सरकवणारा स्क्रू आणि धूर बाहेर फेकणारा पंखा. धुराचं तोंड ३ इंची.

जुनं धुराडं ६ इंची, त्या राखाडी एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंट) पाइपचं. ३ फूट आडवं, मग १८ फूट वर. खाली एक काटकोनी बेंड, वर वळचण चुकवायला दोन अर्धे (४५ अंशांचे). बसवायला आलेला पोरगा म्हणाला, "काकू, ३ ला ६ चा रिड्यूसर मारतो, अर्ध्या तासाचं काम." मी त्याला चहा देऊन परत पाठवला. खोली ६ बाय ८, पलीकडे लगेच मुलींच्या मोऱ्या. धूर उलटा आला तर? त्यातून आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते.

सदाशिवपेठी
सोलर लावा. विषय संपला.

नऱ्हेकाकू
सोलर आहे. जुलैत या अंघोळीला.

भोसरीचा_फॅब्रिकेटर
काकू, परत पाठवलंत ते बरं केलंत. लाकडाच्या बंबात धूर तापून आपोआप वर जातो, धुराड्याला स्वतःची ओढ असते. सांध्यात फट असली तरी बाहेरची हवा आत खेचली जाते, धूर बाहेर येत नाही. पेलेटमध्ये पंखा धूर ढकलतो. पाइपमध्ये दाब असतो, त्यामुळे तीच फट खोलीत धूर सोडते. एसी पाइपचे सांधे म्हणजे सुंभ आणि सिमेंट, त्यांचा काय भरवसा!

दुसरं, ३ इंची पाइपचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस इंच, ६ इंचीचं २८. चौपट जागा मिळाली की धुराचा वेग पाव होतो. आधीच पेलेटचा धूर लाकडाच्या मानाने थंड. तो रेंगाळतो, वाफेचं पाणी होतं आणि जुन्या काजळीत मिसळून काळं पाणी बंबात उतरतं. आत डांबरासारखा थर असेलच, तो कधीतरी पेटतो. त्या पाइपला ग्राइंडर मात्र लावू देऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस आहे. पाणी मारून, सांध्यातून अख्खे नग उतरवायचे.

पुणे_ते_मिनेसोटा
आमच्याकडे इथे घर तापवायला पेलेट स्टोव्ह आहे. जुनी चिमणी वापरता येते, पण तिच्या आतून वेगळा स्टीलचा पाइप स्टोव्हपासून थेट टोपीपर्यंत नेतात. चिमणी नुसती म्यान. ३ इंची चालेल की ४ इंची, याचा आमच्या मॅन्युअलमधला हिशेब असा: काटकोनी बेंडचे ५ फूट, अर्ध्याचे ३, आडव्या पाइपचे फुटाला १ आणि उभ्याचे फुटाला अर्धा. बेरीज १५ च्या वर गेली की ४ इंची.

तुमचं ५ अधिक ६ अधिक ३ अधिक ९, म्हणजे २३. तेव्हा ४ इंचीच. कोपऱ्यात बेंडऐवजी टी (तीन तोंडांचा जोड) घ्या, खालचं तोंड झाकणाचं. बारीक राख तिथेच बसते. मी हंगामात दोनदा काढतो. तुमच्याकडच्या शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटला राख जास्त, महिन्याला उघडा.

कोथरूडकर७२
एवढा उपद्व्याप कशाला? सरळ भिंतीतून आडवा पाइप काढा.

पुणे_ते_मिनेसोटा
आणि गुरुवारी? पंखा बंद पडला की आडव्या पाइपातला धूर घरात परत येतो. उभा १८ फूट असेल तर ओढीने बराचसा वर निघून जातो. त्या उभ्या पाइपची किंमत लाईट गेल्यावर कळते. पंख्याला इन्व्हर्टर द्याच आणि खोलीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावा. त्या वायूला वास नसतो, मुलींना कळणारही नाही.

भोसरीचा_फॅब्रिकेटर
काकू, पाइप एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) घ्या. वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत बसवायचं, म्हणजे उतरणारं पाणी आतच राहतं. सांध्यांना जास्त तापमानाचं लाल सिलिकॉन. बाहेरच्या भागाला सिरॅमिक वूल गुंडाळून वर पत्रा. लाकडी वाशापासून ३ इंच तरी लांब.

नऱ्हेकाकू
झालं एकदाचं. बंबच दीड हात सरकवला, त्यामुळे पाइप वळचणीच्या आतून सरळ वर गेला. दोन्ही अर्धे बेंड गेले, आडवा पाइप फूटभर राहिला. बेरीज १५ झाली, तरी काठावर नको म्हणून ४ इंचीच घातला. टी, टोप्या, सिलिकॉन बोहरी आळीत मिळालं. जुन्या धुराड्याचं पत्र्यातलं भोक तेवढं कामाला आलं, तेही एक वासा कापून रुंद करावं लागलं.

खालचा एसी बेंड उतरवला तेव्हा आत काळा, काचेसारखा चकाकणारा, नखाने न निघणारा थर. वर पारव्याचं घरटं, त्यात माझ्याच दोरीवरचे दोन चिमटे.

पहिल्या गुरुवारी मुद्दाम उभी राहिले. लाईट गेली, इन्व्हर्टरने पंखा धरला. मग माझ्याच हाताने इन्व्हर्टर बंद केला. टाकीच्या झाकणातून जरासा धूर आला, पाच मिनिटांत थांबला. अलार्म वाजला नाही. टी चौथ्या दिवशी उघडला, मूठभर राख आणि चमचाभर काळं पाणी. पेलेट जळतात त्या ताटलीत मात्र रोज खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतंय, सळईने खरवडावं लागतं. पेलेट सोयाबीनच्या भुशाचे आहेत, त्यामुळे असेल का?

आणि काल नातवाने चार पेलेट तांब्यातल्या पाण्यात टाकले. माझा चहा होईपर्यंत त्यांचा नुसता भुस्सा! चाळीस पोती पावसाळ्यात कुठे ठेवू, ते सांगा आता. माळ्यावर उंदीर आहेत.