३८-० म्हणजे 'नुसतं गणित'? कमाल आहे!

कट्टेकर
काल इथे एकाने लिहिलं की अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२३-२४चा खरा विक्रमी हंगाम आयोवाच्या मुलींचा, साउथ कॅरोलायनाच्या मुलींचं ३८-० (३८ सामने जिंकले, एकही हरला नाही) हे 'नुसतं गणित'. वाचून डोकंच फिरलं. अहो, २०२३च्या उपांत्य सामन्यापर्यंत साउथ कॅरोलायना एकही सामना हरली नव्हती. तिथे याच आयोवाने ७७-७३ घरी पाठवलं. त्या सामन्यात आयोवाची स्टार केटलिन क्लार्क हिने आमच्या रेव्हन जॉन्सनसमोर हात झटकला होता, मार खुशाल थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट), तुला कोण अडवतंय! नंतर पहिल्या पाचच्या पाच मुली संघातून गेल्या. उरलेल्यांना घेऊन प्रशिक्षक डॉन स्टेलीने वर्षभर एकही सामना न हरता करंडक आणला. अंतिम सामन्यात क्लार्कचे पहिल्या क्वार्टरमध्ये १८ गुण, पुढच्या तिन्ही मिळून १२. तिच्या अंगावर कोण होती? तीच जॉन्सन. निकाल ८७-७५, त्यात बदली खेळाडूंचे गुण ३७ विरुद्ध शून्य. करा गणित.

रात्रपाळी
तो 'एक' मीच, नाव घ्यायला लाजू नका. तो सामना टीव्हीवर पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, पुरुषांच्या फायनलला दीड कोटीही नव्हते. कुणामुळे? ऑक्टोबरमध्ये आयोवाने फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मैत्रीपूर्ण सामना ठेवला तर ५५,६४६ माणसं आली. आम्ही इथे रात्री साडेबाराला डोळे ताणून बसलो ते क्लार्कसाठी. शिवाय कॉलेज कारकिर्दीत क्लार्कचे ३,९५१ गुण, पुरुषांमधल्या पीट मॅराव्हिचचा ३,६६७चा विक्रम मोडला. अजून काय हवं?

कोर्टवरची मावशी
विक्रम म्हणे! मॅराव्हिचने ते तीन वर्षांत, ८३ सामन्यांत केले, तेव्हा थ्रीची रेषाच नव्हती. क्लार्कच्या कितीतरी आधी खेळलेल्या लिनेट वुडर्डचे ३,६४९ तर पुरुषांच्या मोठ्या चेंडूने. पण एनसीएएने (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) महिलांचा खेळ १९८१-८२ला हातात घेतला, म्हणून क्लार्कने विक्रम केला तेव्हा त्याआधीच्या बायका त्यांच्या वहीतच नव्हत्या. आणि छोट्या कॉलेजच्या पर्ल मूरचे ४,०६१ बायकांमध्ये अजून कुणी मोडलेले नाहीत.

रात्रपाळी
आली मोठ्या चेंडूची रड! चेंडू चेंडूच असतो हो.

कोर्टवरची मावशी
कधी हातात धरलाय? आमच्या कॉलेजात सात नंबरचाच असायचा. मुलींचा सहा नंबर मागितला की जिमखान्याचे सर म्हणायचे, "बजेट नाही, मुलांचं झालं की तोच घ्या." निवड चाचणीला पहिल्यांदा सहा नंबर हातात आला, तर सवयीच्या जोराने मारलेला प्रत्येक शॉट रिंगवरून पलीकडे. निवड झाली नाही. म्हणे चेंडू चेंडूच असतो!

सरळमार्गी
मावशी, निवड होऊनही काय होतं? माझी पुतणी राज्य पातळीवर खेळली. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे ना, म्हणून अर्ज केला. प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी हेलपाटे घालून चपला झिजल्या.

रात्रपाळी
बोगस प्रमाणपत्रं घेऊन लोक नोकरीला लागले, म्हणून पडताळणी आली. उगाच रडू नका.

सरळमार्गी
माझी पुतणी बोगस? तोंड सांभाळून बोला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, फोटो टाकू?

मधलं बोट नाही, मधला मार्ग
दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी पण हाच तमाशा. आमच्या सोसायटीतल्या मुलाने जो खेळ खेळून गुण मिळवले, त्याचं मैदान त्याला दाखवता आलं तर मी मिशी काढीन.

कट्टेकर
मंडळी, धागा साउथ कॅरोलायनाचा आहे! त्याच हंगामात टेनेसीविरुद्ध दोन गुणांनी मागे असताना आमच्या सहा फूट सात इंचांच्या कार्डोसोने शेवटच्या क्षणी थ्री मारला, कॉलेज कारकिर्दीतला पहिला. तो पडला नसता तर कुठलं ३८-०! त्यावर बोला की कुणीतरी.

रात्रपाळी
बरं बाबा, ३८-०ला साष्टांग दंडवत, झालं समाधान? पण करंडक हातात घेऊन तुमच्या स्टेलीबाईंनीच क्लार्कचे जाहीर आभार मानले होते. तेवढं शेपूट मी सोडणार नाही.

कोर्टवरची मावशी
आणि वुडर्ड?

सरळमार्गी
आधी पुतणीची माफी.