मदत हवी आहे : व्याख्यानमालेचं पहिलं साल कुठलं धरायचं?

मृद्गंध
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. कॉलेजच्या स्मरणिकेतला व्याख्यानं आणि चर्चासत्रांच्या इतिहासाचा लेख माझ्याकडे आलाय. पण व्याख्यानमाला सुरू कधी झाली इथेच गाडी अडलीय. सभागृहाबाहेरच्या फलकावर एक साल, नियतकालिकात दुसरं, आणि 'वर्ष १७ वे' असं छापलेल्या एका निमंत्रणपत्रिकेवरून मागे मोजत गेलं की तिसरंच. मजकूर शुक्रवारी छापखान्यात द्यायचाय. प्राचार्य म्हणतात फलकावरचं घ्या आणि पुढे चला. मला ते पटत नाही. कुणी असं काम केलंय का? कुठलं साल ग्राह्य धरायचं?

जुनी_पोथी
ताई, तीनही सालं कुठली ते लिहिलंच नाही तुम्ही. कॉलेज कधीचं, कुठल्या विद्यापीठाखालचं? व्याख्यानमाला कॉलेजची स्वतःची, की विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची (विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानं ठेवणाऱ्या)? कुणाच्या स्मृत्यर्थ असेल तर देणगीच्या ठेवीवर चालते का? एवढं कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी ते अंदाजेच असेल. मी कॉलेजच्या ग्रंथालयातच निवृत्त झालो, म्हणून विचारतोय.

समन्वयक_७
मॅडम, इतकं मागे जायची गरजच नाही. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, स्वयं-अध्ययन अहवालाला गेल्या पाच वर्षांची माहिती लागते. प्रत्येक कार्यक्रमाची सूचना, उपस्थितीपत्रक, अहवाल आणि जिओटॅग केलेले फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. माझ्याकडे तयार तक्ता आहे, हवा असेल तर देतो.

मृद्गंध
@समन्वयक_७ सर, हे नॅकचं काम नाही. हीरकमहोत्सवाची स्मरणिका आहे.
@जुनी_पोथी फलक : १९७०. नियतकालिक : १९७१. मोजून येणारं : १९७३. पुणे विद्यापीठ. माला कॉलेजचीच, एका देणगीदारांच्या वडिलांच्या नावाने.

इतिहासवेडा
व्याख्यानमालांचा इतिहास लिहिताय तर सुरुवात वसंत व्याख्यानमालेपासून करा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली. त्याच्याही आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढून निबंधवाचन सुरू केलं होतं आणि तिच्या मराठी-गुजराती शाखा ज्ञानप्रसारक म्हणून काम करत होत्या. कॉलेजात बाहेरचा विद्वान बोलावण्याची आपली सगळी पद्धत तिथून आलीय. हा धागा जोडला तर लेखाला वजन येईल.

मृद्गंध
प्रस्तावनेत दोन ओळी नक्की घेईन, आभार. पण माझी अडचण १९७० की १९७१ ही आहे.

जुनी_पोथी
आता बोलता येईल. देणगीतून चालणारी माला म्हणजे तिचा जन्मदाखला पैशाच्या कागदांत असतो. देणगी स्वीकारल्याचा ठराव नियामक मंडळाच्या इतिवृत्तात असणारच. पैसे मुदतठेवीत गेले असतील तर ठेवीच्या नोंदीवर तारीख असेल. ठेवीचं व्याज हाती आल्याशिवाय पहिलं व्याख्यान सहसा होत नाही, त्यामुळे ठराव आणि व्याख्यान यांत वर्षाचं अंतर पडू शकतं. तुमच्या फलकावर कदाचित ठरावाचं साल असेल.

'वर्ष १७ वे' वरून मागे मोजू नका. एखाद्या वर्षी व्याख्यान झालं नाही तर पुढच्या वर्षीचा आकडा कुणी दोनाने वाढवत नाही. ती पत्रिका कधीची?

मृद्गंध
जानेवारी १९८९.

जुनी_पोथी
मग सरळ आहे. १९७१ पहिलं धरलं तर सतरावं १९८७ ला यायला हवं होतं. म्हणजे मध्ये दोन वर्षं खंड पडलाय.

वाचस्पती
एक खंड नक्की १९७२-७३ चा. दुष्काळाच्या त्या वर्षी कॉलेजांनी समारंभ आवरते घेतले होते. मुलं दुष्काळी कामांवर जात होती.

निर्भय
दुष्काळापेक्षा आणीबाणी बघा. जून १९७५ ते मार्च १९७७. वक्ता कोण आणि विषय काय, याची प्राचार्यांना धास्ती असायची. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध व्यासपीठावरून बोलल्या, कारण त्या दुर्गाबाई होत्या. तालुक्याच्या कॉलेजने कुणाच्या भरवशावर वक्ता बोलवायचा?

वाचस्पती
आमच्या कॉलेजात आणीबाणीतही व्याख्यानं झाली. संतवाङ्मयावर कोण हरकत घेणार? सरसकट विधान करू नका.

निर्भय
संतवाङ्मयच निवडलं गेलं, हाच तर परिणाम. मालेचे विषय वर्षवार मांडा, म्हणजे १९७५ च्या आधीचे आणि नंतरचे विषय आपोआप बोलतील. इतिहास तो आहे, नुसती नावांची यादी नव्हे.

जुनी_पोथी
दोघांचंही बरोबर असू शकेल, पण ताईंना अंदाज छापायचा नाही. त्या त्या वर्षाची किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, काढा. वक्त्याचा प्रवासखर्च आणि मानधन खर्ची पडलं असेल तर व्याख्यान झालं. बिल नाही, बातमी नाही, नियतकालिकात अहवालही नाही, तर झालं नाही असं धरून चाला.

सूत्रसंचालक
पाहुण्यांना निमंत्रण देताना किमान महिनाभर आधी पत्र पाठवावं, विषय त्यांनाच निवडू द्यावा, आणि मानधनाचं पाकीट सर्वांसमोर न देता निघताना द्यावं. परिचय दोन मिनिटांपेक्षा मोठा नको. अनुभवाने सांगतो.

मृद्गंध
@सूत्रसंचालक या वर्षीच्या कार्यक्रमाला उपयोगी पडेल.
मंडळी, एक सांगायचं राहिलं. पहिल्या व्याख्यानाची म्हणून जपलेली एक पत्रिका प्राचार्यांच्या कपाटात आहे. पिवळी पडलेली, एका कडेला वाळवीने खाल्लेली. इंग्रजी तारीख होती तो कोपराच गेलाय. 'माघ शु. ५, शके १८९२, सायं. ६' एवढं वाचता येतं.

वाचस्पती
हे आधी सांगायचं ना! शकात ७८ मिळवा. १८९२ अधिक ७८ म्हणजे १९७०. फलक बरोबर आहे, विषय संपला.

पंचांगी
विषय संपला नाही. ७८ मिळवायचे ते गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. १ जानेवारीला इंग्रजी साल बदलतं, शक मात्र पुढच्या पाडव्यापर्यंत तोच राहतो, म्हणून जानेवारीपासून ७९ मिळवावे लागतात. शके १८९२ चा पाडवा एप्रिल १९७० मध्ये होता. त्या शकातला माघ येतो तो जानेवारी-फेब्रुवारी १९७१ मध्ये. माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंतपंचमी. नेमकी तारीख त्या वर्षीच्या पंचांगात पाहून घ्या. फलक करणाऱ्यानेही सरसकट ७८ मिळवले असणार.

शासकीय_बाबू
एक काळजी घ्या. सरकारी पत्रांवर जो शक असतो तो भारतीय सौर दिनांक, १९५७ पासून लागू झालेला. त्यात शुद्ध-वद्य नसतं, 'माघ १५, १८९२' असं असतं. तुमच्या पत्रिकेवर 'शु.' आहे म्हणजे पंचांगाचीच तिथी. पण इतर कागद वाचताना दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

मृद्गंध
@पंचांगी खूप खूप आभार! म्हणजे नियतकालिकातलं साल जुळलं. १९७०-७१ च्या वार्षिक अहवालात प्राचार्यांनी 'या वर्षापासून' असंच लिहिलंय.
पण आता दुसरं कोडं. फलकावर पहिले वक्ते म्हणून एका फार मोठ्या साहित्यिकांचं नाव आहे. पत्रिकेवर मात्र जिल्ह्यातल्याच एका प्राध्यापकांचं.

जुना_विद्यार्थी
मोठी माणसं तेव्हा खरंच यायची हो. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांना मी दोनदा ऐकलं. हातात चिठोरा नाही, समोर टिपण नाही, आणि दीड तास सभागृहात कुणी हललं नाही. नरहर कुरुंदकरांनाही एकदा ऐकलं, तर परतीच्या वाटेवर आम्ही मुलं रात्रभर त्यांच्या एकेका मुद्द्यावर भांडत होतो. आता पाहुणे येतात, स्लाइड दाखवतात, फोटो होतो.

संशोधक_विद्यार्थिनी
आता सगळंच वाईट असं नाही, पण संख्या फुगलीय हे खरं. २०१० च्या यूजीसी नियमावलीत प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठी एपीआयचे गुण आले. चर्चासत्रात निबंध वाचला की गुण, संपादित ग्रंथात छापून आला की गुण. मग एका दिवसात शेकडो निबंध आणि आयएसबीएन घातलेले जाडजूड ग्रंथ. ताई, तुमच्या लेखात चर्चासत्रांची संख्या त्या सुमारास एकदम चढलेली दिसली तर कारण लिहा, नुसतं 'भरभराट' म्हणू नका.

मृद्गंध
दिसतेय खरी. लिहीन.

जुनी_पोथी
वक्त्याच्या नावाकडे वळू. पत्रिका कार्यक्रमाच्या आधी छापतात. ती काय ठरलं होतं ते सांगते, काय घडलं ते नव्हे. वक्ता आयत्या वेळी आजारी पडतो, गाडी चुकते, दुसऱ्याला उभं करतात. वर्तमानपत्रातही 'आज शहरात' या सदरातलं नाव आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीतलं नाव वेगळं असू शकतं. बातमी बघा, सूचना नको. आणि पुन्हा सांगतो, किर्द. शेरेबुक, म्हणजे पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही, असेल तर त्यातली सही सर्वांत उत्तम.

समन्वयक_७
बहिःशालची जयकर व्याख्यानमालाही तुमच्याकडे होत असणार. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाची. साहित्यिक त्या मालेत आले असतील आणि नोंद भलत्याच मालेखाली गेली असेल. आमच्याकडे दोन्ही मालांचे अहवाल एकाच फाइलमध्ये लावलेले सापडले होते.

मृद्गंध
आज लेखा विभागात बसून किर्दी चाळल्या. फेब्रुवारी १९७१ मध्ये पत्रिकेवरच्या प्राध्यापकांच्या नावे प्रवासखर्च पडलाय, समोर त्यांची पावती, महसुली तिकिटावर सही. मोठ्या साहित्यिकांचं नाव पुढच्या वर्षी आहे. म्हणजे साल आणि नाव, दोन्ही फलकावर चुकलेत. प्राचार्यांना दाखवलं. ते म्हणाले, इतकी वर्षं लोक तेच वाचतायत, आता सणासुदीला कशाला उकरायचं?

सूत्रसंचालक
त्यांचं ऐका. मोठ्या नावामुळे संस्थेची शान वाढते. हीरकमहोत्सवात वाद नको.

संशोधक_विद्यार्थिनी
अजिबात ऐकू नका. जो माणूस जिल्ह्यातून येऊन कॉलेजचं पहिलं व्याख्यान देऊन गेला, त्याचं नाव त्याच्याच मालेतून पुसलं गेलंय. ते परत मिळायला हवं. शिवाय उद्या कुणी संशोधक तुमच्याच स्मरणिकेचा आधार देईल आणि चूक पक्की होईल.

जुनी_पोथी
फलक कधी बसवला, कुणी मजकूर दिला, तेही शोधा. लेखात 'फलकावर असं आहे, १९७१ च्या किर्दीत असं आहे' अशी दोन वाक्यं शांतपणे लिहा आणि पावतीचा फोटो छापा. त्यावर वाद होत नाही.

मृद्गंध
तेच करते. पावतीचा फोटो काढलाय, प्राचार्यही 'फोटो असेल तर ठीक' इथवर आलेत.
खरं सांगू का, मला कोण आलं यापेक्षा काय बोलले याची जास्त ओढ आहे. अहवालात सगळीकडे 'मौलिक विचार मांडले' एवढंच. कुठल्याही वक्त्याचं एक वाक्य नाही.

इतिहासवेडा
म्हणूनच छापलेलं व्याख्यान टिकतं. डॉ. आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ ला पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या काळे स्मृती व्याख्यानात संघराज्यावर मांडणी केली. ती पुस्तिका म्हणून निघाली, म्हणून आज शब्दन् शब्द वाचता येतो. तुमच्या मालेतलं एखादं भाषण नियतकालिकात लेख म्हणून आलंय का, तपासलंत? वक्ते पुष्कळदा तेच भाषण नंतर लेख म्हणून कुठेतरी देत.

मृद्गंध
तपासते. किर्दी ठेवलेल्या कपाटातच खालच्या कप्प्यात टेपची चार रिळं सापडलीत, डब्यांवर पेन्सिलीने 'व्या. मा.' लिहिलंय. भौतिकशास्त्र विभागात जुना टेपरेकॉर्डर आहे आणि शिपाईमामा म्हणतात चालतो. उद्या लावून बघू का?

ध्वनिमुद्रक
थांबा, लावू नका! जुन्या मशीनचा पट्टा नि रोलर कडक झालेले असतात, टेप ओढून तोडतील. आधी रीळ उजेडासमोर आडवं धरा. कडेने उजेड आरपार दिसला तर ॲसिटेटची टेप, ती पटकन तुटते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती सडायला लागलीय. पांढरी बुरशी दिसली तर पुसू नका, वेगळी ठेवा. रीळ पाच इंची आहे की सात इंची? डब्यावर वेग लिहिलाय का? फोटो टाका, मग पुढचं सांगतो.